एका बाळाचे दोन रिपोर्ट

बुधवारी सकाळी पावणेअकरा वाजता डॉक्टरबाईंनी टेबलावर एक कागद ठेवला आणि त्याच्या शेजारी माझ्या सुनेचा मोबाइल. दोन्हींवर रक्ताच्या तपासणीचे आकडे होते. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि आमच्याशी काही बोलण्याआधी नर्सला सांगितलं की कल्चरसाठी रक्त घ्या आणि लगेच ॲंटिबायोटिक सुरू करा. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "नियोनेटल सेप्सिस लग रहा है."

नियोनेटल म्हणजे नवजात बाळाचा. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात उतरून सगळ्या शरीरभर पसरणं. माझी नात तेव्हा एकोणपन्नास तासांची होती आणि तिला अजून नाव नव्हतं.

हे लिहिते आहे ते ज्यांच्यावर कधी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसण्याची वेळ येईल त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं जबलपूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवला. औषधपाण्यातलं मला जेवढं समजलं तेवढंच लिहिते. त्यात काही चुकलं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावं. यात जी एक मोठी चूक आहे ती मात्र माझी स्वतःची आहे, आणि तिच्याबद्दल मला कुणाला विचारावं लागत नाही.

आमचं घर अधारतालच्या पुढे महाराजपुरात. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथलेच. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. मुलगा मंदार एका खाजगी कंपनीत आहे. सून अमरावतीची, मझौलीच्या बँकेत अधिकारी. तिचं नाव शुभांगी. आम्ही तिला मुग्धा म्हणायचो.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पुण्याकडे हे आता मागं पडलं म्हणे; पण जे फार पूर्वी मुलूख सोडून आले त्यांनी तिकडच्या चाली तिकडच्यांपेक्षा घट्ट धरल्या. मंदारनं तांदळाच्या ताटात अंगठीनं 'मुग्धा' लिहिलं. हात त्याचा, निवड माझी. शुभांगीनं वाचलं, हसली आणि पेढा खाल्ला. आधार कार्डावर आणि बँकेत ती शुभांगीच राहिली, घरात आणि गल्लीत मुग्धा झाली. मीही माहेरची कुसुम आणि सासरची वैजयंती. यात कुणाचं काही बिघडतं असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

जानेवारीचे दिवस होते. रविवारी दुपारी शुभांगीला गर्भजल गळतंय अशी शंका आली. थेंब थेंब होतं, तिला खात्री नव्हती, म्हणून संध्याकाळपर्यंत ती गप्प राहिली. रात्री आठला आम्ही जवळच्या नर्सिंग होममध्ये गेलो. सोमवारी सकाळी दहा वाजता सिझर झालं. मुलगी. वजन चांगलं, रडणं चांगलं. मी पेढे वाटायला सुरुवात केली.

पाणी गळायला लागल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत फार वेळ गेला तर खालचे जंतू वर चढून बाळापर्यंत पोचू शकतात. अठरा तास उलटले की डॉक्टर सावध होतात. नर्सिंग होमच्या कागदावर वेळ आम्ही तिथे पोचल्यापासूनची होती, म्हणजे चौदा तास. खरी वेळ वीस तास होती. ती शुभांगीनं तिथल्या डॉक्टरांना तोंडी सांगितली आणि त्यांनी काळजी म्हणून संध्याकाळी सहा वाजता बाळाचं रक्त तपासायला पाठवलं. शहरातली एक मोठी लॅब सगळ्यांचे नमुने घेते, तिथेच गेलं. रिपोर्ट शुभांगीच्या मोबाइलवर आला. तिनं वाचून मला सांगितलं की नॉर्मल आहे. मी म्हटलं, चला, छान झालं. आणि तिचा मोबाइल काढून घेऊन तिच्या खोलीतल्या कपाटात ठेवला, कारण ओल्या बाळंतिणीनं मोबाइल बघितला की डोळे जातात असं माझं मत होतं.

त्या रिपोर्टमध्ये सीआरपी नावाचा एक आकडा होता. सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. शरीरात जंतूंशी झटापट सुरू झाली की यकृत हे प्रथिन तयार करून रक्तात सोडतं. साधारण दहाच्या खाली असलं तर चिंता नाही असं धरतात. बाळाचं दोन होतं. मला नंतर समजलं ते असं की हे प्रथिन वाढायला बरेच तास लागतात. त्यामुळे पहिला आकडा कमी आला याचा अर्थ जंतू नाहीत असा होत नाही. कधीकधी अर्थ एवढाच असतो की बातमी अजून यकृतापर्यंत पोचलेली नाही.

मंगळवारी सकाळी बाळ भराभर श्वास घेऊ लागलं. नर्सनं घड्याळ धरून मोजलं, मिनिटाला सत्तर. मला तिचे तळपाय गार लागत होते, पण जबलपूरच्या जानेवारीत माझेही गारच असतात, म्हणून मी तिला मोज्यांचा आणखी एक जोड चढवला. डॉक्टर म्हणाले की सिझरच्या बाळांच्या फुप्फुसात कधीकधी पाणी राहतं आणि एकदोन दिवसांत आपोआप सुकतं. तरी जिथे काचेची पेटी आणि चोवीस तास बालरोगतज्ज्ञ आहेत तिथे न्या. अकरा वाजता मंदार बाळाला घेऊन ॲंब्युलन्समध्ये बसला. मी मागून ऑटोनं निघाले. शुभांगीला उठायची परवानगी नव्हती.

आम्ही ज्या एका माणसाला सगळं माहीत होतं त्याला मागे ठेवून निघालो होतो. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलात मंदार बाळाबरोबर आत होता, म्हणून काउंटरवरचा फॉर्म मी भरला. बाळाला बारशापर्यंत नाव नसतं, त्यामुळे हॉस्पिटलात ते आईच्या नावानं ओळखलं जातं. 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. मातेच्या नावाच्या रकान्यात मी मुग्धा लिहिलं. विचार करून लिहिलं असंही नाही. मला विचारलं सुनेचं नाव काय, तर तेच यायचं. काउंटरवरच्या बाईंनी नर्सिंग होमची चिठ्ठी पाहून विचारलं की ये शुभांगी कौन है. मी सांगितलं की तीच ती, घरचं नाव मुग्धा. त्या म्हणाल्या, मग कोणतं ठेवू, एकदा संगणकात गेलं की बदलायला आधार कार्ड आणि अर्ज लागतो. मी आवाज चढवून म्हटलं, फॉर्ममध्ये लिहिलंय तेच ठेवा.

शाळेत असताना जन्मदाखल्यातल्या नावात एक काना इकडचा तिकडे झाला तरी मी प्रवेशाचा फॉर्म परत पाठवायचे. पालक माझ्या नावानं बोटं मोडायचे. तीच मी.

दुपारी पुन्हा रक्त घेतलं. हाताच्या पाठीवरची शीर केसाएवढी, ती सापडेपर्यंत बाळ रडलं आणि मग रडायचं थांबलं. मला वाटलं, शहाणी आहे. आता कळतं की ज्या बाळाला टोचूनही रडायला जोर नसतो त्याचं कौतुक करू नये.

चार वाजता रिपोर्ट आला. सीआरपी नऊ. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, दीड लाख. दोन्ही आकडे कुंपणाच्या जेमतेम आत. श्वासही थोडा सुधारला होता. डॉक्टरबाई बाहेर आल्या. वयानं मंदारपेक्षा फार मोठ्या नसाव्यात, बोलणं मोजकं. नर्सिंग होमच्या चिठ्ठीत काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी मला विचारलं की याआधी रक्ताची तपासणी झाली होती का. मी सांगितलं, हो, काल झाली, नॉर्मल आहे. आकडा किती होता? मला ठाऊक नव्हतं. कोणत्या लॅबमध्ये? ते ठाऊक होतं. त्यांनी तिथूनच लॅबला फोन लावला आणि बेबी ऑफ मुग्धाचा कालचा रिपोर्ट मागितला. पलीकडून उत्तर आलं की या नावाचा कालचा रिपोर्टच नाही, आजचा पहिलाच.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, कधीकधी घरच्यांचा गोंधळ होतो, आईची तपासणी बाळाची वाटते. मग त्यांनी समजावलं की एवढ्या आकड्यांवर औषध सुरू करायची घाई त्या करणार नाहीत. गरज नसताना नवजात बाळाला ॲंटिबायोटिक दिलं तर पोटातले चांगले जंतूही मरतात, आणि पुढे खरी गरज पडली तर औषध चालत नाही. आज लक्ष ठेवू, उद्या सकाळी पुन्हा पाहू. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावरून त्यांचं बरोबरच होतं.

आता खरं सांगायचं ते सांगते. लॅबनं नाही म्हटलं त्याच क्षणी मला समजलं होतं की ते काहून नाही म्हणाले. कालचा रिपोर्ट शुभांगीच्या नावाचा होता. मी एक वाक्य बोलले असते तर दोन मिनिटांत तो सापडला असता. मी बोलले नाही. नॉर्मल तर नॉर्मल, तो आकडा मिळाला काय आणि न मिळाला काय, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मला लाज वाटली. दुपारी त्या काउंटरवरच्या बाईंना मी जो आवाज लावला होता, तो आता त्यांच्याच समोर उतरवावा लागणार होता. म्हटलं, बाळाला सुटी देऊन घरी सोडतील तेव्हा आधार कार्ड आणून दुरुस्त करू.

संध्याकाळी मंदार म्हणाला, "आई, मुग्धाला फोन करून विचारू का, काल किती आला होता ते?" मी म्हटलं, "राहू दे. ती आराम करून राहिली. तिचा फोन मी कपाटात ठेवलाय." तो आज्ञाधारक मुलगा आहे. त्या दिवशी नसता तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी साडेनऊला शुभांगी आली. टाके ताजे असताना, नर्सिंग होममध्ये सही करून, स्वतःच्या जबाबदारीवर. एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या हातात मोबाइल. बाळाला आपलं दूध मिळत नाही म्हणून ती आली होती. अतिदक्षता विभागाच्या दारावर रखवालदार वही घेऊन बसतो. तिनं सांगितलं, बेबी ऑफ शुभांगी. त्यानं वहीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "इस नाम का कोई बच्चा नहीं है, दीदी."

मी तिच्या मागे चार पावलांवर उभी होते. त्या वाक्यानं तिचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पाठ दिसली. मंदार पुढे होऊन काहीतरी समजावू लागला. तिनं त्याला थांबवलं, वही स्वतःकडे वळवून वाचली आणि म्हणाली, "मुग्धा. मैं ही मुग्धा हूँ." रखवालदारानं चपला काढायला सांगितल्या आणि दार उघडलं.

पुढचा तासभर मी आत नव्हते; मंदारनं सांगितलं ते लिहिते. तिनं बाळाच्या तळपायाला हात लावला. नर्सला विचारलं की सकाळपासून किती दूध घेतलं. पहाटेपासून नाहीच घेतलं, झोपेतच आहे, असं उत्तर मिळालं. तिनं डॉक्टरबाईंना बोलवायला सांगितलं आणि विचारलं की सोमवारच्या दोनचे आज किती झाले. त्या म्हणाल्या, कोणते दोन? तेव्हा तिनं मोबाइल उघडला. पाणी रविवारी दुपारपासून गळत होतं हेही तिनंच सांगितलं.

मग आम्हाला सगळ्यांना आत टेबलापाशी बोलावलं. सोमवारी सीआरपी दोन, मंगळवारी नऊ. सोमवारी प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार, मंगळवारी दीड लाख. एक चढत होता, एक उतरत होता. डॉक्टरबाई जे म्हणाल्या ते मी जन्मभर विसरणार नाही. "अलग-अलग देखो तो ये दो तंदुरुस्त बच्चे हैं. साथ रखो तो एक बीमार बच्चा है."

औषध सुरू झालं आणि दुपारी एक वाजता बाळ ढासळलं. रंग राखेसारखा झाला, श्वास घेता घेता मध्येच थांबू लागलं. आत धावपळ दिसत होती आणि काचेवर पडदा ओढला गेला. अर्ध्या तासानं नर्सनं येऊन सांगितलं की ऑक्सिजनचं मोठं यंत्र लावलंय, श्वास आता सलग आहे. मंदार भिंतीला टेकून खाली बसला. शुभांगी खुर्चीवर ताठ बसून राहिली, तिला वाकता येत नव्हतं.

मी मनात तास मोजत होते. मंगळवारचे चार ते बुधवारचे पावणेअकरा. पावणेएकोणीस तास. या तासांत बाळाच्या अंगात जे काय वाढलं ते माझ्या गप्प बसण्यामुळे वाढलं असेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती जगेल का, आणि जगली तर पूर्ण जगेल का, एवढाच प्रश्न होता. दुसरं काही मला त्या आठवड्यात सुचलं नाही.

त्याच दुपारी आणखी एक तपासणी झाली, प्रोकॅल्सिटोनिन. हाही रक्तातलाच एक पदार्थ, जंतू शिरले की सीआरपीपेक्षा लवकर वाढतो. पण नवजात बाळात एक मेख आहे. जन्मानंतर पहिले दोन दिवस तो निरोगी बाळातही आपला आपणच वर जातो आणि मग उतरतो. म्हणून तो बाळाच्या वयाच्या तासांशी ताडून वाचावा लागतो. दुसरा दिवस आहे एवढं सांगून भागत नाही. अमुक तासांचं आहे असं सांगावं लागतं. आमच्या बाळाचा अठ्ठावीस आला. त्या वयाच्या मानानं तो फारच जास्त होता.

गुरुवारी सीआरपी चौसष्ट झाला. मी म्हटलं, औषध लागू पडत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो उशिरा वाढतो तसा उशिरा उतरतो, कालच्या लढाईचा हिशेब आज दाखवतो. त्याच दिवशी लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून सुईनं थोडं पाणी काढलं. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेत का ते त्यात कळतं. संमतीच्या कागदावर सही करायला मंदारचा हात उठेना. शुभांगीनं केली. तिनं सही केली ती शुभांगी म्हणून, आणि खाली कंसात मुग्धा लिहिलं. नर्सनं तसंच सांगितलं होतं.

पाणी स्वच्छ निघालं. ही पहिली चांगली बातमी. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी शहपुऱ्याकडची एक आजी होती, तिचा नातू आठव्या महिन्यात झालेला. ती मला रोज विचारायची, "आज कितना आया?" आकडा कसला ते तिला ठाऊक नव्हतं, मलाही नुकतंच कळत होतं. शुक्रवारी मी सांगितलं की अडतीस. ती म्हणाली, मग उतरतोय, आता चहा घे. तीन दिवसांत मी प्यायलेला तो पहिला गरम चहा.

कल्चरचा रिपोर्टही आला. कल्चर म्हणजे बाळाचं रक्त एका बाटलीत ठेवून त्यात जंतू उगवतात का ते बघणं. खात्रीचा पुरावा तोच, पण त्याला दोनतीन दिवस लागतात. आमच्यात काही उगवलं नाही. मला वाटलं, म्हणजे संसर्ग नव्हताच की काय. डॉक्टरबाईंनी सांगितलं की नवजात बाळाचं रक्त इतकं थोडं घेता येतं की आजारी असूनही बाटलीत काही न उगवणं नेहमीचंच आहे. म्हणून तर हे दुसरे आकडे पाहायचे, आणि एकदाच पाहून थांबायचं नाही. एक आकडा म्हणजे नुसता फोटो. बाळ कुठे चाललंय ते दोन आकड्यांशिवाय दिसत नाही.

शुभांगी रोज सकाळी येऊन हातानं दूध काढायची. सुरुवातीला नळीतून एक एक मिली, मग छोट्या वाटीतून चमच्यानं. सहाव्या दिवशी यंत्र काढलं. सातव्या दिवशी बाळ पहिल्यांदा अंगावर प्यालं, चार मिनिटं. दहा दिवसांचं औषध पूर्ण झालं तेव्हा सीआरपी चारवर आला होता. शेजारच्या आजीचा नातू तेव्हाही आतच होता. मी तिला आमचा थर्मास दिला, कारण देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

बाळाला सुटी मिळाली त्या दिवशी मी डॉक्टरबाईंना एकटीला गाठलं आणि विचारलं की मंगळवारी संध्याकाळीच औषध सुरू झालं असतं तर हे सगळं टळलं असतं का. त्यांनी विचार करून उत्तर दिलं की सांगता येत नाही, कदाचित इतकं ढासळलं नसतं. मी का विचारतेय ते त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की सहा आठवड्यांनी बाळाची ऐकण्याची तपासणी नक्की करा. असा आजार आणि त्यावरची काही औषधं, दोन्हींनी कानावर परिणाम होऊ शकतो.

म्हणजे माझी शिक्षा सहा आठवडे लांबली. घरी मी बाळाच्या पाळण्याशी वाट्या आपटून पाहायचे. ती कधी दचकायची, कधी नाही. मंदार म्हणायचा, "आई, काहून वाजवून राहिली? झोपू दे ना तिला." मी वाट्या उचलून ठेवायचे. बारसं पुढे ढकललं. शुभांगी माझ्याशी नेहमीसारखीच वागत होती. आई, चहा, आई, औषध घेतलं का.

तपासणीसाठी बाळाला दूध पाजून झोपवलं, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या, कानात बारीक आवाज सोडला. झोपलेल्या बाळाचा मेंदू त्याला उत्तर देतो का ते पडद्यावरच्या रेघांत दिसतं. अर्धा तास लागला. दोन्ही कान चांगले आहेत. ते कळल्यावर मला हलकं वाटेल असं मी धरून चालले होते. वाटलं नाही.

असा प्रसंग तुमच्यावर येऊ नये, पण आलाच तर बाळाचे सगळे रिपोर्ट, नॉर्मल असलेलेही, आकड्यांसकट जवळ ठेवा. रक्त कितव्या तासाला घेतलं ते त्यावर लिहा. आईचं नाव प्रत्येक ठिकाणी एकच आणि आधार कार्डावरचंच सांगा. आईला आराम हवा, हे खरं. पण तिचा फोन तिच्याजवळ असू द्या. आणि काही चुकलंय असं कळलं तर त्याच मिनिटाला बोला, समोर कुणीही असलं तरी. हे मी सगळ्यांना सांगू लागले होते, नात्यात, गल्लीत. एकीला मात्र सांगितलं नव्हतं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर उन्हात बाळाला घेऊन शुभांगी बसली होती. मंदार ऑफिसला गेलेला. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. फॉर्म मी भरला, काउंटरवर विचारलं तरी मी ऐकलं नाही, लॅबचा फोन माझ्यासमोर झाला आणि मला कळलं होतं तरी मी गप्प राहिले. मंदारला तुला फोन करू दिला नाही. मध्ये कुठे थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

ती बाळाच्या टोपीची नाडी नीट करत होती. म्हणाली, "फॉर्मचं मला त्याच दिवशी कळलं होतं, आई. त्या वहीत नाव वाचलं तेव्हाच. फोनचं माहीत नव्हतं."

मी विचारलं, "मग बोलली काहून नाही?"

"त्या दिवशी तुमच्यावर रागवायला मला वेळ नव्हता," ती म्हणाली. "मग हिच्या कानांची तपासणी व्हायची होती. आता आहे."

आणि ती रागावली. लग्नाला चार वर्षं झाली, मी तिचा चढा आवाज कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली की घरात तुम्ही मला कोणत्याही नावानं हाक मारा, मी 'ओ' देते, त्याचं मला काही नव्हतं. पण त्या दारावर पोटचं बाळ बघायला मला दुसऱ्याच बाईचं नाव सांगावं लागलं. ती म्हणाली की तुम्हाला लाज वाटली त्या लाजेपोटी माझी मुलगी गेली असती. फोन कपाटात ठेवल्याबद्दल बोलली. तांदळाच्या ताटाबद्दल बोलली. मला वाटायचं की त्या दिवशी ती आनंदानं हसली होती; ते तसं नव्हतं.

प्रत्येक शब्द बरोबर जागी लागत होता, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच मला श्वास पुरा घेता येत होता. मध्येच बाळ उठलं, भुकेनं रडायला लागलं. शुभांगीनं तिला पदराखाली घेतलं, पोटभर पाजलं, खांद्यावर घेऊन ढेकर काढला. मग तिला माझ्या मांडीवर ठेवून राहिलेलं सगळं बोलून घेतलं.